बॅटरीखालचा पत्रा

जाहिरातीत लिहिलं होतं, 'पूर्ण रिस्टोअर केलेली, खास संग्राहकांसाठी'. फोक्सवागन-पोर्शे ९१४, १९७१ची, भडक नारिंगी, ३९ हजार युरो. आम्ही राहतो जर्मनीत, ब्योब्लिंगनला, स्टुटगार्टच्या शेजारी. माझ्या पगारात पोर्शेची जुनी ९११ बसत नाही, आणि खरं सांगायचं तर ९१४च मला आधीपासून जास्त आवडते. चपटी, दोन सीटची, इंजिन मधोमध, दिवे बॉनेटमधून डोकं वर काढणारे. जर्मन लोकांनी तिला 'फोक्सपोर्शे' म्हणून बरीच वर्षं हिणवलं. १९६९ ते १९७६ या काळात एक लाख पंधरा हजारांच्या वर गाड्या निघाल्या, त्यातल्या बहुतेक अमेरिकेला गेल्या. तिकडे ती नुसती पोर्शे म्हणून विकली गेली, फोक्सवागनचं शेपूट फक्त युरोपात. आता त्याच गाड्या कंटेनरमध्ये बसून परत येतात.

सांगलीला बाबांना फोटो पाठवले. त्यांची सगळी नोकरी एसटीच्या वर्कशॉपात, बॉडीच्या कामावर झाली. रंग छान, आकार छान वगैरे काही नाही. पहिला प्रश्न, "लांबी किती भरलीय?" लांबी म्हणजे पत्र्यातले खड्डे बुजवायची पुट्टी.

९१४बद्दल हाच प्रश्न विचारायचा असतो, हे मला नंतर कळलं. या गाडीत बॅटरी इंजिनाशेजारी, उजव्या अंगाला असते. वरच्या जाळीतून पाऊस सरळ तिच्यावर. आम्ल ठिबकतं ते आधी बॅटरीचा ट्रे खातं, मग त्याखालचा मागच्या सस्पेन्शनचा आधार, आणि मग दाराखालून जाणारी लांब पोकळ चॅनल. छप्पर फायबरचं, काढून ठेवायचं, म्हणजे त्याचा गाडीला काही आधार नाही. सगळा कणा त्या दोन चॅनलींत. हीटरची गरम हवाही त्यांच्यातूनच पुढे येते. चॅनल कुजली की गाडी मध्यावर बसते, आणि दाराच्या मागची फट वरच्या बाजूला मिटायला लागते.

विक्रेता अदबशीर होता. कॉफी दिली, गाडीवरून फडकं फिरवलं. 'अवस्था २' असा शेरा असलेला मूल्यांकनाचा कागद दाखवला. इथे गाड्यांना १ ते ५ असे गुण देतात आणि शाळेसारखाच १ सगळ्यात चांगला. मी खिशातून दोन नाणी काढली. डाव्या दाराची फट खालीवर सारखी. उजवीकडे खाली दोन्ही नाणी एकावर एक सहज गेली, वर एकसुद्धा शिरेना. मग ऑफिसातल्या मित्राकडून आणलेलं रंगाची जाडी मोजायचं यंत्र लावलं. दारावर १४०-१५० मायक्रॉन. उजव्या चॅनलवर १,४००. हजार मायक्रॉनचा एक मिलिमीटर होतो, म्हणजे जवळजवळ दीड मिलिमीटर लांबीच. बाबांनी सांगितलं होतं म्हणून टिचकीही मारली. दार टण्ण वाजलं, चॅनल भप्प.

"रिस्टोरेशनचे फोटो?" अकरा होते. सगळे रंग झाल्यानंतरचे.

वरून कीर्तन, आतून तमाशा. विक्रेता म्हणाला, काम अमेरिकेत झालंय, आम्ही फक्त विकतोय. मी कॉफीबद्दल आभार मानले आणि निघालो. रस्ताभर मात्र ती नारिंगी डोळ्यांसमोरून जाईना. खोटं कशाला बोलू, त्या रात्री मी वेल्डिंगच्या खर्चाची बेरीज मांडून बसलो होतो. बायकोने कागद काढून घेतला.

दुसरी गाडी मिळाली चार महिन्यांनी, हाइलब्रॉनच्या बाजूला, एका निवृत्त गृहस्थांकडे. मूळची हिरवी आणि अजून हिरवीच. दाराच्या चौकटीवरच्या पट्टीतला रंगाचा कोड आम्ही ताडून पाहिला. रंग काही आरशासारखा नव्हता, एका मडगार्डावर तर ओघळ दिसत होता. किंमत ४१ हजार, म्हणजे वर दोन हजार जास्त. पण त्यांनी फायलींसोबत बुटांचा एक खोका आणला. आत जुना बॅटरी ट्रे, खरं तर त्याचं उरलेलं जाळं. बोट लावलं तर पापडासारखा मोडला. ट्रे कापल्याचे, आधार नवा जोडल्याचे, चॅनल उघडी असतानाचे चारशेच्या आसपास फोटो, तारखांसह. घासाघीस केली नाही. बाबा अजूनही म्हणतात, करायला हवी होती.

ही गाडीही कॅलिफोर्नियाहून आलेली, आणि इथे तिची नोंदणी व्हायची होती. गाडी पहिल्या नोंदणीपासून ३० वर्षांची झाली आणि तपासणी पार पडली की नंबरप्लेटच्या शेवटी एच, म्हणजे ऐतिहासिक गाडीची खूण, मिळतो. मग वर्षाचा कर सरसकट १९१ युरो ७३ सेंट, आणि शहरांच्या प्रदूषण-नियंत्रित भागांत हिरव्या स्टिकरशिवाय जाता येतं. तपासणीत बदल चालतात, पण ते त्या काळात शोभणारे हवेत. परीक्षक गाडीभोवती दोनदा फिरला आणि तीन गोष्टींवर अडला. मागचे इंडिकेटर अमेरिकन पद्धतीचे लाल, इथे पिवळेच हवेत. स्टिअरिंग अलीकडचं. आणि निळ्या उजेडाचा ब्लूटूथ रेडिओ. चॅनल त्याने खालून टॉर्चने पाहिली, हातोडीने ठोकली आणि काही न बोलता पुढे गेला. तो क्षण मला पुरला. पिवळ्या काचा यायला तीन आठवडे लागले, जुनं स्टिअरिंग खोक्यावाल्या काकांच्या माळ्यावरच निघालं. दुसऱ्या खेपेला पास.

नोंदणी एका सकाळीच उरकली. विम्याचा क्रमांक, कागद, करासाठी बँकेचं संमतिपत्र, मग शेजारच्या दुकानातून ठोकून घेतलेल्या प्लेटा.

पुण्याचा चुलतभाऊ विचारतो, "दादा, इकडे कधी आणतोस?" नेहमीच्या नियमाने वापरलेली गाडी भारतात आणायची तर ती तीन वर्षांहून जुनी चालत नाही आणि स्टिअरिंग उजवीकडे लागतं. त्या नियमात माझी दोन्हीकडून नापास.

८० अश्वशक्तीत काही उडत नाही ती. पहिला गिअर डावीकडे खाली आहे, आणि दांडा थेट मागच्या टोकापर्यंत जात असल्यामुळे पातेल्यात डाव फिरवल्यासारखं वाटतं. सुरुवातीच्या वर्षांतल्या ९१४मध्ये शेजारची सीट पुढेमागे सरकत नाही. पाय टेकायला एक सुटा ठोकळा दिलेला असतो. बायको पहिल्यांदा बसली, ठोकळ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "एवढ्या पैशात पाट दिलाय?"