पितळी तांब्या आणि रेषांची जाळी

घरातला पितळी तांब्या केवळ रेषांनी रेखाटायचा, बोटाने किंवा कागदाच्या बोळ्याने कुठेही घासायचे नाही, अशी अट मी स्वतःला घालून घेतली होती. शासकीय रेखाकला परीक्षेची एलिमेंटरी देताना वस्तुचित्रातले सपाट शेडिंग हाताला बसले होते. क्रॉस हॅचिंग, म्हणजे एकमेकींना छेदणाऱ्या रेषांच्या थरांनी छटा भरणे, मात्र जवळजवळ नव्यानेच शिकावे लागले.

२एच, एचबी, २बी, ४बी आणि ६बी एवढ्याच पेन्सिली मी काढल्या; यांत २एच सर्वांत कठीण, ६बी सर्वांत मऊ आणि गडद. शिशात ग्राफाइटच्या तुलनेत चिकणमाती जितकी जास्त, तितकी पेन्सिल कठीण आणि रेष फिकट. हे प्रमाण कमी-अधिक करून शिसे भाजण्याच्या कृतीचे पेटंट निकोला-झाक काँते यांनी १७९५ मध्ये फ्रान्समध्ये घेतले होते.

बाह्यरेषा एचबीने अगदी हलकी काढली. मग तांब्याच्या पोटावरचा चकाकणारा ठिपका कोरा सोडून उरलेल्या सगळ्या अंगावर २एचच्या समांतर, किंचित गोलाई घेणाऱ्या रेषा ओढल्या. दुसरा थर एचबीचा. तो पहिल्या थराला काटकोनात दिला तर बारीक चौकोन उमटतात आणि नजर तांब्याऐवजी त्या चौकोनांवरच अडते, म्हणून मी रेषा लघुकोनात छेदल्या. त्यासाठी मनगट वळवण्यापेक्षा कागद फिरवणे कितीतरी सोयीचे पडले. कटरने लांब टोक काढून ते अधूनमधून पॉलिश पेपरवर फिरवत राहिलो, कारण बोथट टोकाची रेष जाड होते आणि जाळी बुजते.

खरी कसोटी काळोख्या बाजूची होती. गडदपणा हवा म्हणून पेन्सिल दाबली की कागदाचा खरखरीतपणा चेपला जातो, ग्राफाइट चकाकू लागते आणि तिरप्या उजेडात नेमका सर्वांत काळा भाग पांढुरका दिसतो. म्हणून हाताचा भार तोच ठेवून मी पेन्सिल बदलत गेलो: उजव्या अंगाला २बी, काठाखालच्या खोल मानेत ४बी. दोन छटांच्या सांध्यावर पांढरे कण राहिले होते, त्यांवरून २एच हलकेच फिरवल्यावर ते भरून निघाले. उजव्या कडेलगत मात्र टेबलावरून परतणाऱ्या उजेडाची अरुंद पट्टी फिकीच राखली. पुष्कळ चित्रांत हीच कड सर्वांत काळी केलेली असते, आणि भांडे पुठ्ठ्यातून कापून चिकटवल्यासारखे दिसते.

पडछाया आडव्या रेषांनी भरली, तांब्यापासून दूर जाताना रेषांमधले अंतर वाढवत नेले. ६बी लागली ती फक्त बूड टेबलाला टेकते त्या फटीपुरती. तिचे टोक चार रेषांत बोथट होते आणि भुकटी हाताखाली पसरते, त्यामुळे ती सर्वांत शेवटी, तळव्याखाली कोरा कागद ठेवून वापरलेली बरी.