मटची खालची ओळ

सांगली, सोमवार. पावसाची रिपरिप.

मट म्हणजे टर्मिनलात, कमांड लिहायच्या खिडकीत, चालणारा मेलचा प्रोग्राम. त्याला जे सांगायचं असतं ते पडद्याच्या तळाशी एका ओळीत येतं, आणि पुढची कळ दाबली की पुसलं जातं. बिघाड झाला की माणसं मटआरसी ही सेटिंगची फाइल पालथी घालतात, ती ओळ वाचायची तेवढी राहून जाते. निसटलेली ओळ परत बघता येते. कोलन दाबायचं, 'एक्झेक एरर-हिस्टरी' लिहायचं, एंटर. मागचे निरोप एकाखाली एक उभे राहतात. याला मुळात कुठलीच कळ दिलेली नाही, म्हणून ते कुणाला सापडत नाही.

मार्केट यार्डातल्या अडत दुकानात जुना, दोन जीबीचा डेस्कटॉप असतो. त्याच्यावर ब्राउझरमधली मेल रडतखडत उघडते, मट मात्र पळतो. अशा मशीनवर एक ओळ हमखास दिसते: सर्व्हरचं सर्टिफिकेट, म्हणजे त्याचं ओळखपत्र, अजून लागू झालेलं नाही. सर्टिफिकेट ठीकच असतं, दुकानातलं घड्याळ मागं गेलेलं असतं. रात्री मेन स्विच बंद होतो, मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल मेलेला असतो, सकाळी तारीख कित्येक वर्षं मागं. टर्मिनलात 'डेट' लिहून बघावं. घड्याळ हातानं लावून तेवढ्यापुरतं भागतं. सेल बदलला की कायमचं. सर्टिफिकेट तपासणंच बंद करायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नये.

मंगळवार.

पासवर्डची भानगड. जीमेलनं ३० मे २०२२ पासून खाजगी खात्यांसाठी साध्या पासवर्डनं बाहेरच्या प्रोग्रामला आत सोडणं थांबवलं. आधी खात्यात दोन टप्प्यांची पडताळणी चालू करायची, मग ॲप पासवर्ड, म्हणजे बाहेरच्या प्रोग्रामसाठीचा वेगळा पासवर्ड, काढायचा. तो सोळा अक्षरांचा असतो, चार-चारच्या गटांत दाखवतात. मधल्या मोकळ्या जागा काढून टाकाव्यात.

काल चालत होतं, आज 'लॉगिन फेल्ड'? मटआरसीला हात लावू नका. आधी विचारा, घरात कुणी मोबाइलवरून खात्याचा मुख्य पासवर्ड बदलला का. तो बदलला की जुने सगळे ॲप पासवर्ड रद्द होतात.

पासवर्ड उघडा लिहून ठेवायचा नाही. तो जीपीजी या कुलूपबंद करणाऱ्या प्रोग्रामनं एनक्रिप्ट केलेल्या फाइलीत ठेवायचा आणि मटआरसीत ती उलगडणारी कमांड बॅकटिकमध्ये, म्हणजे टॅबच्या वरच्या कळीवरच्या चिन्हांत, द्यायची. तरीही मट पासवर्ड विचारत बसला तर ती कमांड रिकाम्या हातानं परत आली असं समजावं. बहुतेक वेळा जीपीजीला आपण कुठल्या टर्मिनलात आहोत हेच कळलेलं नसतं. शेलच्या, म्हणजे टर्मिनलात कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, सुरुवातीच्या फाइलीत जीपीजी_टीटीवाय ही किंमत भरली की परवलीची चौकट नीट येते. आणि पासवर्ड थेट लिहिणारच असाल तर एकेरी अवतरणात लिहा; दुहेरीत डॉलरचं चिन्ह आलं की मट त्याचा वेगळाच अर्थ लावतो.

पोर्टांचं, म्हणजे सर्व्हरच्या क्रमांकाच्या दारांचं, थोडक्यात. येणारी मेल ९९३ वर. जाणारी ४६५ किंवा ५८७ वर, पण मटआरसीतल्या सर्व्हरच्या पत्त्याची सुरुवात त्याला जुळली पाहिजे. ४६५ ला 'एसएमटीपीएस', ५८७ ला नुसतं 'एसएमटीपी'. उलट केलं तर लक्षणंही दोन तऱ्हेची. ४६५ वर शेवटचा एस विसरला तर मट नुसता लटकतो, कारण दोघंही समोरच्यानं आधी बोलावं म्हणून थांबलेले असतात. ५८७ वर एस जास्तीचा लावला तर टीएलएसची, म्हणजे एनक्रिप्शनची, चूक लगेच तोंडावर येते.

'नो ऑथेंटिकेटर्स अव्हेलेबल' असं आलं तर पासवर्ड बरोबर असूनही उपयोग नाही. डेबियन-उबुंटूवर एसएएसएलच्या, म्हणजे लॉगिन सांभाळणाऱ्या लायब्ररीच्या, मॉड्यूलचं पॅकेज वेगळं टाकावं लागतं.

बुधवार. दुपारी दोनदा वीज गेली.

फोल्डरांची नावं. इंटरनेटवरून उचललेल्या मटआरसीत कचऱ्याचा डबा 'ट्रॅश' असतो. आपल्याकडच्या खात्यांत भाषा ब्रिटिश इंग्रजी असली तर त्याच डब्याचं नाव 'बिन' होतं. भाषा बदलली की पाठवलेल्याचं, मसुद्याचं, सगळ्यांचीच नावं बदलतात. मट 'हे फोल्डर नाही, बनवू का?' विचारतो तेव्हा घाईनं हो म्हणू नये. सी दाबावं, मग प्रश्नचिन्ह. समोर खरी यादी येते, तिच्यातलं नाव अक्षर न अक्षर उतरवावं. पाठवलेल्याची प्रत जीमेल स्वतःच ठेवतं, म्हणून मटचा 'रेकॉर्ड' हा प्रत ठेवायचा पर्याय अनसेट करावा, नाहीतर प्रत्येक पत्र दोनदा.

आता मराठी. इथं खरी करमणूक आहे.

विषयाच्या जागी तिरपी रेघ आणि ३४०, २४४ असे आकडे रांगेनं दिसले तर मेल खराब झालेली नाही. युटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एक अक्षर तीन बाइटांचं. पहिला बाइट अष्टमानात कायम ३४०, दुसरा २४४ किंवा २४५. लोकेल, म्हणजे भाषा आणि लिपीची सेटिंग, बसलेला नसला की मट बाइट जसेच्या तसे छापतो. 'हळद' दिसायची तिथं नऊ आकडे! लोकेल-जेनच्या फाइलीत मराठीची ओळ 'एमआर_आयएन युटीएफ-८' अशी आहे, मधे टिंब नाही. टिंब घालून शोधणाऱ्याला ती सापडत नाही. तिच्या सुरुवातीची # ही खूण काढायची, लोकेल-जेन चालवायचा, नव्यानं लॉगिन करायचं. टीमक्स, म्हणजे एका टर्मिनलात अनेक खिडक्या देणारा प्रोग्राम, वापरत असाल तर तो 'यू' पर्यायानं सुरू करा.

अक्षरं आली पण वेलांट्या सुट्या पडतायत, तर तो टर्मिनलचा दोष. एक्सटर्मला जोडाक्षरं जुळवता येत नाहीत; एमएलटर्मला येतात. रकाने तरीही डुगडुगतात, कारण एका काना-मात्रेला किती जागा द्यायची यावर मट आणि टर्मिनल यांचं एकमत नसतं. त्यावर भांडत बसण्यापेक्षा इंडेक्सची, म्हणजे पत्रांच्या यादीची, रचना बदलावी. आधी क्रमांक, मग तारीख, मग पाठवणाऱ्याच्या नावाऐवजी त्याचा ईमेल पत्ता, तो बहुधा रोमनच असतो, आणि विषय अगदी शेवटी. शेवटचा रकाना हलला तर कुणाचं काही बिघडत नाही.

जोडलेल्या फाइलीचं नाव बरोबरचं (=) चिन्ह, प्रश्नचिन्ह आणि 'युटीएफ-८' असं सुरू झालं तर 'आरएफसी२०४७_पॅरामीटर्स' हा पर्याय चालू करावा. एचटीएमएल पत्रांसाठी मेलकॅपमध्ये, म्हणजे कुठली फाइल कशानं उघडायची ते सांगणाऱ्या फाइलीत, डब्ल्यू३एम या टर्मिनलातल्या ब्राउझरची ओळ लागते. तिच्यात मूळ कॅरसेट, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, कळवायला विसरलात तर मराठीचा चुराडा, आणि शेवटी 'कोपियसआउटपुट' नसलं तर मटचं ऑटो_व्ह्यू, म्हणजे पत्र आपोआप उलगडून दाखवणं, तिच्याकडं बघतही नाही.

एका दुखण्याला इलाज नाही. जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टात टाइप केलेला मजकूर. तो मुळात रोमन अक्षरांचाच असतो, कुठलाही कॅरसेट लावा, कचराच दिसणार. फॉन्ट ओळखून कन्व्हर्टरमधून काढावा लागतो.

गुरुवार. कृष्णा चढतेय.

आयर्विन पुलाखालच्या पाण्याचे आकडे मोबाइलवर फिरायला लागले की वीज आणि नेट दोन्ही बेभरवशाची होतात. थेट सर्व्हरवर बसलेला मट अशा वेळी दर थोड्या वेळानं गोठतो. इथं एमबीसिंक लावावं. ते सगळी मेल मेलडिर स्वरूपात, दर पत्राची वेगळी फाइल करून, डिस्कवर आणून ठेवतं, मट तीच वाचतो. आवृत्ती १.४ पासून त्याच्या फाइलीत सर्व्हरच्या बाजूला 'फार' आणि डिस्कच्या बाजूला 'निअर' म्हणतात. जुन्या नमुन्यांत मास्टर-स्लेव्ह दिसेल. पहिले आठ दिवस 'एक्सपंज नन', म्हणजे कायमचं पुसणं बंद, ठेवा. चुकीचं फोल्डर जोडलं गेलं तरी काही कायमचं पुसलं जात नाही.

पाठवायला एमएसएमटीपी हा प्रोग्राम. त्याच्या फाइलीत पासवर्ड असेल तर ती ६०० परवानगीची, म्हणजे फक्त मालकाला वाचता-लिहिता येणारी, हवी, नाहीतर तो कामच नाकारतो, आणि बरोबर करतो. त्याच्यासोबत येणारी एमएसएमटीपीक्यू ही स्क्रिप्ट मटच्या 'सेंडमेल' पर्यायात दिली की नेट नसताना पत्र रांगेत पडून राहतं.

सौद्याच्या पावत्या जोडताना मात्र मोजमाप बघावं. २५ एमबीची मर्यादा असली तरी बेस६४ मध्ये, म्हणजे मेलमधून जाण्यासाठीच्या रूपात, फाइल एक तृतीयांशानं फुगते, म्हणजे मूळ फाइल १८ एमबीच्या आतच हवी. रांगेत वीस एमबीचं स्कॅन अडकलं असेल तर नेट आल्यावर ते पुन्हा पुन्हा आपटत राहतं. रांग उघडून ते काढावं, स्कॅनरचं रिझोल्यूशन ३०० वरून १५० वर आणावं. पावती तेवढ्यातही स्वच्छ वाचता येते.