आमची वाटचाल: रेस्टच्या जोरावर टिकलेला गाळा

परळच्या आमच्या गाळ्याला धंद्यातली काही मंडळी अजून 'स्क्रू पिळणारे' म्हणतात. म्हणोत बापडे. कंपाउंड म्हणजे कप्प्या-केबलवालं धनुष्य, रेस्ट म्हणजे बाण टेकवायचा त्यावरचा छोटा आधार. ती बसवणं हे स्क्रू पिळण्याचंच काम आहे. फक्त कुठला स्क्रू किती पिळायचा ते कळावं लागतं.

वडिलांचा लेथ होता. गिरण्यांची कामं आटली तशी मी एका रिकर्व्हवाल्या (बिनकप्प्यांचं धनुष्य वापरणाऱ्या) मित्राच्या नादाने धनुष्यांकडे वळलो. मित्र पुढे पुण्याला गेला, लेथ आणि मी उरलो. २०१४ च्या इंचॉन आशियाई खेळांत कंपाउंड पहिल्यांदा आलं, आपल्या पुरुष संघाने सुवर्ण आणलं आणि गिऱ्हाईक वाढलं. त्यानंतरची काही वर्षं बरी गेली.

मग दोन स्टेशनं पलीकडे एक चकचकीत शोरूम उघडली. एसी, काचेची कपाटं, आणि येईल त्या पोराच्या धनुष्याला दुकानातली सगळ्यात महाग ड्रॉप-अवे, म्हणजे बाण सुटताच खाली पडणारी रेस्ट. तीही चारी बाजूंनी बाण कोंडून धरणारी, परदेशात झाडावर दबा धरून बसणाऱ्या शिकाऱ्यासाठी बनवलेली. आपल्याकडे शिकारीला १९७२ च्या कायद्याने बंदी. पोरगं उभं राहणार ५० मीटरवर, ८० सेंटिमीटरच्या टार्गेटसमोर. बाण कोंडून त्याला करायचंय काय?

त्यांचा मुद्दा एवढाच, की बाण सुटला की रेस्ट खाली पडते, पिसांना काही लागत नाही. खरं आहे, पण अर्धं. केबलवर चालणारी ड्रॉप-अवे दोरीने वर ओढली जाते. दोरीची गाठ जरा सरकली की रेस्ट उशिरा उठते, कधी पुरती उठतच नाही. लिंबवरच्या, म्हणजे धनुष्याच्या वाकणाऱ्या बाहूला दोरी बांधलेल्या रेस्टचं उलट: धनुष्य ओढलं की दोरी सैल होते आणि स्प्रिंग रेस्टला उचलते. ती बाणाला जास्त वेळ आधार देते, पण दोरीकडे लक्ष तिथेही हवंच. ते न पाहता पोरगं आपल्या रिलीजला, म्हणजे बाण सोडण्याला, दोष देत बसतं. शंका आली तर दादर स्टेशनबाहेरची स्वस्तातली लिपस्टिक घ्या, पिसांच्या कडांना लावा आणि बाण मारा. रेस्टवर लाल डाग उठला तर पिसं घासताहेत.

ब्लेड रेस्टमध्ये हलणारं काहीच नाही. स्प्रिंग स्टीलची पट्टी, टोकाला खाच. साधारण १० थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जाडीची, म्हणजे पाव मिलिमीटर. हलक्या बाणाला ८, जड बाणाला १२. पट्टी गरजेपेक्षा ताठ असली तर बाण तिच्यावरून उसळतो, पेपर ट्युनिंगला (कागदातून बाण मारून पाहताना) कागद वेडावाकडा फाटतो आणि तुम्ही उगाच नॉकिंग पॉइंट (दोरीवर बाण अडकवायची जागा) वरखाली करत राहता. आधी पट्टी बदलून पाहा.

मला सगळ्यात जास्त राग आला तो बोल्टचा. रायझरवर, म्हणजे धनुष्याच्या मधल्या मुठीच्या भागावर, रेस्टसाठी जे भोक असतं त्याचे आटे ५/१६ इंची, इंचाला २४. व्यास ७.९४ मिलिमीटर, म्हणजे नुसत्या डोळ्यांना आठ एमएमच. त्या शोरूमच्या पोराने नागदेवीच्या हार्डवेअर बाजारात ढिगाने मिळणारा एम-८ बोल्ट लावला. त्याचे आटे वेगळे, म्हणून सुरुवातीला लागला, मग अडला, मग यांनी ॲलन कीला पाइप लावून जोर केला. ॲल्युमिनियमचे आटे सोलून बाहेर आले. धनुष्य आलं माझ्याकडे. मी भोक मोठं करून हेलिकॉइल (नव्या आट्यांची तारेची गुंडाळी) बसवली, रेस्ट सरळ केली. महिन्याभरात बाजारात बातमी काय, तर भोक माझ्याच गाळ्यात बिघडलं!

त्याच सुमारास एका अकादमीने रेस्टची मोठी ऑर्डर दिली. मी उसने पैसे काढून माल मागवला. माल कस्टममधून सुटला आणि त्यांचा फोन आला, "आमचं तिकडे ठरलंय." आधी करून दिलेल्या ट्युनिंगचे, म्हणजे धनुष्य-बाण जुळवून देण्याचे, पैसेही बुडवले. त्या पावसाळ्यात भाडं थकलं, लेथ विकायला काढला. एक जण येऊन तो भंगाराच्या भावाने मागूनही गेला.

सावरलं ते डोंबिवलीच्या ताईंनी. बँकेत नोकरी, सुट्टीच्या दिवशी सराव. लोकलच्या गर्दीत ब्लेड वाकते म्हणून त्या पट्टी काढून मुलाच्या जुन्या कंपासपेटीत ठेवतात आणि मैदानावर परत चढवतात. पट्टी दर वेळी त्याच जागी बसावी म्हणून मी रेस्टवर बारीक खूण कोरून दिली होती. लेथचं कळल्यावर म्हणाल्या, "दादा, तुम्हीच गेलात तर आम्ही कुणाकडे जायचं?" आणि क्लबातल्या सगळ्यांच्या वर्षभराच्या ट्युनिंगचे पैसे आगाऊ आणून ठेवले. पडून राहिलेल्या रेस्टही हळूहळू त्यांच्याच ओळखीने गेल्या.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला आदिती स्वामी आणि ओजस देवतळे, दोघंही महाराष्ट्राचे, जगज्जेते झाले आणि आईवडील पोरांना घेऊन गाळ्यावर येऊ लागले. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा आहे, तेव्हा गर्दी आणखी वाढेल. आल्या आल्या प्रश्न एकच: "ओजसची रेस्ट कुठली?" अहो, आधी तुमच्या मुलाचा बाण किती ग्रेनचा, म्हणजे किती वजनाचा, ते सांगा. नवशिक्याला गोल ब्रशची रेस्टसुद्धा पुरते. पिसं लवकर झिजतात, पण बाण पडत नाही आणि पोरगं नेम धरायला शिकतं. शोरूमवाले तिला खेळणं म्हणतात, कारण तिच्यात त्यांना सुटत काही नाही.

ट्युनिंगला येताना सगळे बाण आणा, दोन-तीन निवडून नकोत. रेस्ट दुसरीकडून घेतली असली तरी हरकत नाही. बोल्ट मात्र घट्ट करण्याआधी मला दाखवा.