सर्नची ट्रिप आणि माझ्या वाट्याचे मॅग्नेट

जिनिव्हाजवळच्या सर्नला, म्हणजे कणभौतिकीच्या मोठ्या प्रयोगशाळेला, कॉलेजची स्टडी ट्रिप ठरली तेव्हा मला वाटलं, बॅग भरायची आणि निघायचं. पण पहिला महिना नुसता कागदपत्रांतच गेला. शेंगेन व्हिसासाठी (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालतो तो) पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान 3 महिने तरी चालू असावा लागतो, आणि एका मैत्रिणीचा नेमका त्याच्या आधी संपत होता, हे कळलं फॉर्म भरायच्या आदल्या दिवशी! तिचा तो चेहरा अजून डोळ्यासमोर आहे. धावपळ करून नवीन मिळाला एकदाचा. बाकी 30,000 युरोचा इन्शुरन्स, बोटांचे ठसे वगैरे होतं सगळं, फक्त लवकर सुरू करा.

खरी तयारी मात्र शनिवारी व्हायची. सरांनी प्रत्येकाला एकेक विषय दिला होता, मला आले मॅग्नेट. प्रोटॉन फिरवून एकमेकांवर आदळवणाऱ्या मशीनची 27 किलोमीटरची रिंग, त्यात 1232 डायपोल, म्हणजे प्रोटॉनना वळवणारे मॅग्नेट, एकेक 15 मीटर लांब, तापमान 1.9 केल्विन म्हणजे उणे 271 अंश, अंतराळापेक्षाही गार. सगळं तोंडपाठ. सरांनी एवढंच विचारलं, "पण एवढं गार कशाला लागतं गं?" आणि मी गप्प. मग आठवडाभर तेच वाचत बसले, की त्या तारेतून 11 हजार अँपियरच्यावर करंट जातो आणि एवढं गार असलं तरच ती सुपरकंडक्टिंग राहते, रेझिस्टन्स शून्य, नाहीतर साधी तार वितळूनच जाईल.

त्या रिंगचा बोगदा जमिनीखाली साधारण 100 मीटरवर, मशीन चालू असल्यामुळे खाली जाता आलं नाही, थोडं वाईट वाटलंच. पण वर एक निळा मॅग्नेट आडवा कापून ठेवलाय. मधोमध शेजारीशेजारी दोन भोकं, माझी मूठसुद्धा मावणार नाही एवढीच, आणि भोवती तांब्याच्या रंगाच्या तारा दाबून बसवलेल्या. एवढ्याशा जागेतून प्रोटॉन जातात! मी मैत्रिणीला भराभरा मराठीत सांगत होते तर गाइडने विचारलं काय चाललंय, आणि मग सगळ्या ग्रुपला मलाच सांगायला लावलं. हात कापत होते माझे, पण सांगितलं.

परतताना 18 नंबरच्या ट्राममध्ये तीच मैत्रीण म्हणाली, "अगं पण डायपोल फक्त वळवतात ना, मग बीम, म्हणजे प्रोटॉनचा झोत, पसरत कसा नाही?" मी वहीत क्वाड्रुपोल, म्हणजे झोत एकवटून ठेवणारे मॅग्नेट, काढून दाखवायला लागले आणि त्या नादात आमचा स्टॉप कधीच मागे गेला.