काही काम नाही, सहज केला

त्या बुधवारी आलेल्या पत्राच्या शेवटी एक साधी विनंती होती आणि तिचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. पुढे मी उत्तर दिले, छापूनही आणले, तरी ते प्रकरण मनातून जात नाही. म्हणून ते पहिल्यापासून लिहून काढते आहे.

एका साप्ताहिक पुरवणीत गेली अकरा वर्षे मी स्वतःच्या आयुष्याविषयी सदर लिहिते. ७०० शब्द, दर बुधवारी दुपारी बारापर्यंत. बाहेरच्यांना वाटते की असे सदर चालवायचे तर आयुष्यात पुष्कळ काही घडावे लागत असेल. प्रत्यक्षात सांगण्याजोग्या गोष्टी पहिल्या वर्षातच संपतात आणि मग माणूस किल्ल्यांवर, बंद पडलेल्या घड्याळावर, आईच्या हस्ताक्षरातल्या एका यादीवर लिहू लागतो. लिखाण सुधारते ते तिथूनच, असे माझे मत आहे. सदराची चौकट मात्र पानावर आधीच आखलेली असते. मजकूर वाढला तर उपसंपादक शेपूट छाटतो. कमी पडला तर पानाला भोक पडते, आणि ते बुजवायचे काम माझे असते. या प्रकरणाचे मूळ अशाच एका भोकात आहे.

पत्रांना उत्तरे देण्याबाबत मला थोडा अभिमान होता, तोही सांगितला पाहिजे. आलेल्या प्रत्येक पत्राला मी स्वतः उत्तर लिहिते. आमच्या इतर सदरलेखकांप्रमाणे ‘आपला अभिप्राय पोचला, आभार’ असा छापील कागद कधी पाठवलेला नाही. पत्र वाचण्याची माझी एक रीतही ठरून गेली आहे. सुरुवातीचे परिच्छेद स्तुतीचे असतात, ते शिष्टाचाराचे. मग ‘असो’ येते. मराठी माणूस पत्रात ‘असो’ लिहितो तेव्हा विषय संपलेला नसतो, मनातला विषय तिथून पुढे सुरू होतो. आणि तिथेही धीर झाला नाही तर तो ताज्या कलमात जातो. म्हणून मी पत्र उलट वाचते: आधी ता. क., मग ‘असो’च्या खालचे, आणि वेळ उरला तर स्तुती. माझ्या लेखाविषयी लोक फार थोडे लिहितात. मी वडिलांच्या चष्म्यावर लिहिले तर चाळीस जण आपापल्या वडिलांविषयी लिहितात, आणि ते तसेच असावे. आमच्या बैठकांत ‘वाचकांशी नाते’ हे शब्द ज्या सहजतेने उच्चारले जातात ती पाहिली की मात्र मला संकोच वाटतो. कारण तिथे नाते म्हणजे पत्रांचा आकडा, आणि तो मागच्या महिन्यापेक्षा वाढला की नाते घट्ट झाले, असा हिशेब असतो.

तर तो लेख. माझ्या थोरल्या भावाचे आणि माझे सहा वर्षे बोलणे नाही. आई गेल्यावर घराच्या वाटणीवरून जे झाले ते चारचौघांसारखेच झाले, त्यात नवे काही नाही. लेखात वाटणीचा उल्लेख एकाच वाक्यात होता. बाकी सगळे लहानपणीचे होते: दादा मला सायकल शिकवताना मागची सीट धरून धावायचा आणि सोडल्यावरही ‘धरली आहे, धरली आहे’ असे ओरडत राहायचा. हे सगळे खरे आहे. साडेअकरा वाजता मजकूर ६१० शब्दांवर थांबला. सायकलीवर शेवट करता येईना. तो शेवट लागत होता, पण बंद होत नव्हता. मी खिडकीशी गेले, परत आले आणि पंचवीस मिनिटांत उरलेले नव्वद शब्द लिहिले. त्यांत मी दादाला फोन केला.

तो फोन मी कधीच केलेला नाही.

ते नव्वद शब्द चांगले उतरले होते, हे मला कबूल केले पाहिजे. खोट्याला खरेपणा कशाने येतो हे या धंद्यात लवकर कळते. भावना सांगून तो येत नाही, निरुपयोगी तपशिलाने येतो. म्हणून माझ्या लेखात फोन चौथ्या घंटेला उचलला गेला. तिसरी नाटकी वाटली असती आणि पाचवी मुद्दाम ताणल्यासारखी. दादाच्या मागे कुठेतरी बादली भरत होती आणि नळाचा आवाज बदलत गेला. मी म्हणाले, “दादा, काही काम नाही, सहज केला.” तो थोडे थांबून म्हणाला, “बोल.” लेख संपला. बारा वाजून दोन मिनिटांनी मजकूर गेला, पान भरले, आणि रविवारी पत्रांचा पाऊस पडला. लेख फार लागला, असे संपादिकेने आवर्जून सांगितले.

दहा दिवसांनी आलेले ते पत्र एका निवृत्त गृहस्थांचे होते. त्यांचे अक्षर माझ्या ओळखीचे होते, कारण ते वर्षातून दोनदा तरी लिहीत आणि नेहमी मुद्द्याचे लिहीत. सवयीप्रमाणे मी आधी ताजा कलम पाहिला. ‘ता. क. भाऊ माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान आहे, पण अलीकडे त्याची प्रकृती बरी नसते असे ऐकतो.’ मग ‘असो’च्या खालचे वाचले.

त्यांनीही धाकट्या भावाला फोन केला होता, चौदा वर्षांनी. काय बोलावे ते सुचणार नाही अशी भीती वाटल्याने माझा लेख समोर ठेवला होता. दुसऱ्याच घंटेला फोन उचलला गेला, त्यामुळे ते गडबडले आणि त्यांनी माझे वाक्य जसेच्या तसे म्हटले: ‘काही काम नाही, सहज केला.’ पलीकडून भाऊ म्हणाला, ‘काम नाही, तर केलास कशाला?’ आणि फोन ठेवला.

पत्रात तक्रार नव्हती, आणि तेच मला झेपेना. पुढे त्यांनी लिहिले होते: ‘चूक माझीच झाली असावी, स्वर जमला नसेल. आपल्या बंधूंनी उलट काही विचारले असते, तर आपण काय बोलणार होता, हे लेखात आलेले नाही. शब्दमर्यादेमुळे ते गाळावे लागले असेल, हे मी समजू शकतो. तेवढे कृपया कळवावे. पुन्हा एकदा प्रयत्न करण्याचा विचार आहे.’

शब्दमर्यादेमुळे गाळले असेल, हा त्यांचा समज मी कितीतरी वेळ वाचत राहिले. शब्द गाळावे लागले नव्हते, ते मी भरले होते. आपल्या वाट्याच्या फोनची सगळी तयारी त्या माणसाने माझ्या नव्वद शब्दांतून केली होती आणि ते नव्वद शब्द पानाच्या मापाने कापलेले होते.

पत्र घेऊन मी संपादिकेकडे गेले. ती माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी लहान आहे, मला ताई म्हणते, आणि तिच्याइतका तीक्ष्ण कान आमच्या कार्यालयात दुसऱ्या कुणाला नाही. तिने पत्र दोनदा वाचले आणि म्हणाली, “ताई, बातमी नव्हे, ललित लेखन आहे हे. ललितात एवढे चालतेच. तुम्ही त्यांना चार समजुतीच्या ओळी लिहा.”

“पण त्यांनी फोन केला,” मी म्हणाले.

“तो त्यांचा निर्णय. आणि खरे सांगू? वाचकाला घडले की नाही याच्याशी देणेघेणे नसते, त्याला लागले पाहिजे.”

हे वाक्य मीही नव्या लेखकांना ऐकवलेले आहे. ते पूर्णतः चूक आहे असे आजही म्हणवत नाही. कथा लिहिली असती तर ते बरोबरच ठरले असते. कथेतल्या माणसाचे वाक्य पाठ करून कुणी भावाला फोन करत नाही, आणि केलाच तर लेखकाला खुलासा विचारत नाही. माझ्या सदरावर मात्र माझा फोटो असतो, खाली माझे नाव असते आणि त्यात ‘मी’ म्हणजे मीच, असा न लिहिलेला करार असतो. त्या कराराचे सगळे फायदे मी अकरा वर्षे घेत आले होते.

डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकी अभ्यासकांनी १९५६ साली एका शोधनिबंधात, रेडिओ आणि दूरचित्रवाणीवरच्या माणसांविषयी प्रेक्षकाला वाटणाऱ्या एकतर्फी जवळिकीचे वर्णन केले आहे. प्रेक्षकाला वाटते आपण याला ओळखतो, तोही ओळखीच्या सुरात बोलत असतो, पण उलट ओळख नसते. लेखनाच्या वर्गात ही गोष्ट मी सांगायचे तेव्हा तिचा रोख नेहमी वाचकाच्या भाबडेपणाकडे असे. पत्रांना उत्तरे देणारी म्हणून मी स्वतःला त्यातून वगळले होते. आता माझ्या लक्षात आले की हे गृहस्थ मला चांगले ओळखत होते, निदान माझ्यातल्या जितक्या गोष्टी मी त्यांना दिल्या तितक्या तरी. आणि नेमक्या शेवटच्या वेळी मी त्यांना माझ्याऐवजी दुसरीच कुणी बाई दिली होती.

दुपारभर मी उत्तराचे खर्डे केले. पहिल्या खर्ड्यात मी त्यांना पुढचा संवाद लिहून दिला. हे लिहिताना लाज वाटते, पण तो संवादही चांगला झाला होता. त्यात मी दादाला सायकलीची आठवण करून दिली होती. तो फाडला. दुसऱ्यात ‘ललित लेखनाचे स्वातंत्र्य’ हे शब्द आले, म्हणून तोही फाडला. तिसऱ्यात आठच ओळी होत्या. फोन मी केलेला नाही. शेवट रचलेला आहे. जागा भरायची होती आणि मला तो शेवट आवडलाही होता. तुमच्या भावाला काय म्हणावे हे मला ठाऊक नाही, कारण माझ्या भावाला काय म्हणावे हेच मला ठाऊक नाही. क्षमा मागितली. ता. क. लिहिला नाही.

ते पत्र टाकल्यावर उरला छापील लेखाचा प्रश्न. संग्रहासाठी लेखांची फाइल तयार होत होती, त्यात हाही होता. संपादिकेने सुचवले की शेवट गुपचूप बदलावा, सायकलीवर संपवावा, प्रश्नच मिटतो. मला आठवला तो मॉन्तेन, स्वतःविषयी लिहिण्याची वाट ज्याने पाडली तो फ्रेंच निबंधकार. त्याचे निबंध १५८० मध्ये पहिल्यांदा छापले गेले आणि १५८८ च्या आवृत्तीच्या स्वतःच्या प्रतीत तो १५९२ मध्ये मरेपर्यंत समासात भर घालत राहिला. विचार बदलला तरी जुने वाक्य तो सहसा तसेच राहू देई आणि शेजारी नवे लिही, मग दोन्ही एकमेकांशी भांडत का असेनात. त्याच्या मृत्यूनंतर १५९५ ची आवृत्ती सिद्ध केली ती मारी द गूर्ने हिने. ती मुळात त्याची वाचक. विशीच्या आत तिने त्याचे निबंध वाचले आणि पुढे १५८८ मध्ये त्याला पॅरिसमध्ये भेटली. माझी पात्रता त्या उदाहरणाजवळही जाण्याची नाही, पण आपली कात्रणे जपणारा वाचक आपल्या मजकुराचा मालक कितपत असतो हा प्रश्न त्या दिवशी मला फार जवळचा वाटला. मी शेवट तसाच ठेवला आणि पुढच्या सदराखाली चौकटीत छापायला खुलासा दिला: अमुक लेखातला फोन झालेला नाही, तो मी रचला होता.

संपादिकेने खुलासा छापला. तिच्या मनाविरुद्ध छापला, आणि एक शब्दही कापला नाही, हे तिच्या बाजूने नमूद करते. त्या आठवड्याची पत्रे मी उलट वाचू शकले नाही, कारण बहुतेकांत ‘असो’ नव्हतेच. काहींनी लिहिले की हे सांगितले नसते तर बरे झाले असते. एका बाईंनी लिहिले की आता वडिलांच्या चष्म्याचेही खरे समजायचे की नाही, ते कळवा. चष्म्याचे खरे होते. मी तसे कळवले. त्यांचा विश्वास बसला नसावा. माझ्या एका समव्यवसायी मित्राने फोन करून, ‘तू आमच्या सगळ्यांची पंचाईत केलीस’ असे सांगितले आणि हसला, पण हसणे पुरते खरे नव्हते.

त्या गृहस्थांचे उत्तर तीन आठवडे आले नाही. मी त्यांना गमावले असे धरूनच चालले होते. मग एक पाकीट आले. आत पत्र होते आणि माझ्याच एका लेखाचे पिवळे पडलेले कात्रण. पाच वर्षांपूर्वीचे, दादाशी बोलणे बंद झाले त्यानंतरच्या वर्षातले. विषय होता घरातल्या माणसांच्या फोनवर बोलण्याच्या लकबी. एका ओळीखाली पेन्सिलीने रेघ ओढली होती. पत्रात स्तुती नव्हती आणि ‘असो’ही नव्हते.

‘आपले बंधू फोनवर “हं” याखेरीज काही म्हणत नाहीत, असे आपण या लेखात लिहिले होते. नव्या लेखात ते “बोल” म्हणाले, तेव्हा विसंगती माझ्या लक्षात आली होती. परंतु मी असे समजलो की इतक्या वर्षांनी माणूस बदलला. त्यावरूनच मला फोन करण्याचा धीर झाला.’

मी आमच्या दप्तरातून तो अंक काढून पाहिला. दादा ‘हं’ म्हणतो असेच लिहिले होते, आणि तेवढे खरे होते.