फॉइलच्या मागची ती खोटी चमक

चार आठवडे लेझर मिळाला होता, त्यातले जवळजवळ तीन एका चमकेने खाल्ले. आजही आठवलं की डोकं तापतं.

काम सांगायला सोपं आहे. ॲल्युमिनियमच्या फॉइलवर पुढून लेझर मारायचा, साधारण एका पिकोसेकंदाचा (सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग), तीव्रता दर चौरस सेंटीमीटरला १० चा १९ वा घात वॅट. मागून स्ट्रीक कॅमेऱ्याने, म्हणजे प्रकाश क्षणाक्षणाला कसा बदलतो ते टिपणाऱ्या अतिवेगवान कॅमेऱ्याने, पाहायचं की मागची बाजू कधी आणि किती तापते. मग १०, २५ आणि ५० मायक्रॉनच्या फॉइल घेऊन तेच. संरेखन, व्हॅक्यूम, फोकस वगैरे सगळं दोन दिवसांत झालं.

पहिल्याच शॉटला मागे झगझगीत ठिपका. आम्ही खूश. ५० मायक्रॉनलाही तसाच, त्याच क्षणी. इथेच मी अडकलो. उष्णता नुसती झिरपत जाणार असेल, तर जाडी पाचपट झाली की वेळ पंचवीसपट लागायला हवी. इथे फरक शून्य! मला वाटलं, कॅमेऱ्याचा ट्रिगर सरकतोय. ट्रिगर बदलला, केबल बदलल्या, फॉइलच्या कडेवरून लेझर गळतोय म्हणून रुंद टार्गेट लावलं. दोन शॉटमध्ये तासाभराची वाट, आणि दर वेळी तोच ठिपका. रात्री झोप लागेना.

शेवटी रंग तपासला. लेझर १०५३ नॅनोमीटरचा. आमच्या ठिपक्यातला बहुतेक प्रकाश ५२७ वर, म्हणजे बरोबर दुप्पट वारंवारतेवर, एकवटलेला. तापलेला धातू असा एका रेषेत चमकत नाही. लेझरच्या लयीत घोळक्याने सुटलेले वेगवान इलेक्ट्रॉन मागच्या पृष्ठभागातून बाहेर पडताना हा संक्रमण-प्रारण प्रकाश देतात. ५० मायक्रॉन पार करायला त्यांना पिकोसेकंदाचा पाचवा भागही पुरतो, आमचा कॅमेरा पाच पिकोसेकंदांखालचं वेगळं दाखवतच नाही. ४०० ते ४५० नॅनोमीटरचा फिल्टर लावला आणि ठिपका जवळपास गेला. खाली मंद, रेंगाळणारी उजळी उरली. तीच खरी उष्णता. त्या संध्याकाळी मी कंट्रोल रूममध्ये चक्क टाळ्या वाजवल्या.

म्हणून सांगतो, वर्णपट पहिल्या दिवशी घ्या. आम्हाला हे आधी कुणी सांगितलं असतं तर!

पातळ फॉइल झटकन उजळली. पुढे निघालेल्या वेगवान इलेक्ट्रॉनांची भरपाई करायला आतले थंड इलेक्ट्रॉन उलट वाहतात आणि धातूचा रोध त्यांना तापवतो. जाड फॉइलला हे कमी पोचतं, उजळी हळूहळू चढते. फॉइलची जाडी मात्र स्वतः मोजा, पाकिटावरच्या आकड्यावर जाऊ नका.

आणखी एक, जे खरं तर आधी लिहायला हवं होतं: कॅलिब्रेशन, म्हणजे कॅमेऱ्यातली किती उजळी म्हणजे किती तापमान हे ठरवणं. आमच्याकडे तापमान इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये सांगतात; १० इलेक्ट्रॉनव्होल्ट म्हणजे सुमारे १,१६,००० केल्विन. तिथे प्रारणाचं शिखर २५ नॅनोमीटरपाशी असतं, दृश्य प्रकाश त्याच्या शेपटीत येतो आणि तापमानाच्या जवळपास सम प्रमाणात वाढतो. कॅलिब्रेशन वीस टक्के चुकलं तर तापमानही तितकंच चुकतं. ज्याचं तेज आधीच माहीत आहे अशा टंगस्टन दिव्याने प्रकाशाचा सगळा मार्ग, लेन्स-आरसे-खिडकी-फिल्टरसकट, मोजा. फिल्टर बदललात तर पुन्हा मोजा. आम्ही ते शेवटच्या दिवशी, शॉट संपल्यावर केलं.