अर्धा आटा

माझा धंदा जनरेटर आणि पाण्याच्या पंपांचा. प्रतापनगरला शेड आहे, आणि त्याआधी वीसेक वर्षं स्कूटर दुरुस्त केल्या. पेट्रोलवर चालतं आणि दोरी खेचून सुरू होतं असं काहीही माझ्याकडं आणा, असं मी बडोद्यात सगळ्यांना सांगत आलोय. गेल्या फेब्रुवारीत भाच्यानं ते फारच मनावर घेतलं. सकाळी शटर उघडतोय तर दारात टेम्पो, आणि टेम्पोत अठरा फुटांची फायबरची बोट.

“मामा, तुम्ही फक्त मशीन बघा. बाकीचं मी बघतो.”

बाकीचं म्हणजे काय, हे मला ताईनं आधीच फोनवर सांगितलं होतं. चैत्रात नर्मदेची उत्तरवाहिनी परिक्रमा असते, म्हणजे नदी उत्तरेकडं वाहते तेवढ्याच भागाची छोटी प्रदक्षिणा. पूर्ण परिक्रमा करणारा माणूस नर्मदा ओलांडत नाही, पण उत्तरवाहिनीत माणसं नावेनं पलीकडे जातात. गर्दी दरवर्षी वाढतेच आहे. तेव्हा नोकरी सांभाळून एक नाव ठेवायची, असा त्याचा हिशोब. ताईचं म्हणणं एवढंच होतं, की नाव हा शब्द घरात काढू नकोस. १८ जानेवारी २०२४ला हरणी तलावात नाव उलटली आणि सहलीला आलेली बारा मुलं नि दोन शिक्षिका गेल्या. तेव्हापासून आमच्या गावात बोटीची गोष्ट कुणी हसत करत नाही. पोराचं एक मात्र मानलं. मशीन चालतं की नाही हे कळायच्या आधी त्यानं आठ लाइफ जॅकेटं घेतली होती, आणि नोंदणी नि तपासणी होईपर्यंत एकही माणूस बसवणार नाही, असं आईच्या पायाला हात लावून कबूल केलं होतं. २०२१च्या अंतर्देशीय जलयान कायद्याची छापील प्रत त्याच्या पिशवीत होती. वाचली होती की नाही, विचारलं नाही.

बोट सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरच्या एका मच्छीमाराकडून घेतलेली. मागं लटकवलेलं मशीन दोन सिलिंडरचं, टू-स्ट्रोक, पंचवीस हॉर्सपॉवर. टू-स्ट्रोक म्हटल्यावर मी निवांत झालो. लिटरला वीस मिली ऑइल, हे तर माझ्या हाताला पाठ. भाच्यानं मात्र तिथंही मला शिकवलं, की बोटीचं ऑइल वेगळं असतं. हे मशीन पाण्यानं थंड होतं, स्कूटरइतकं तापत नाही, म्हणून त्याला राख न धरणारं ऑइल लागतं. स्कूटरचं घातलं तर प्लगवर थर बसतो.

पहिले चार दिवस खोलण्यातच गेले. गिअरचं ऑइल काढलं तर चहासारखं दुधाळ, म्हणजे आत पाणी. पंखा उतरवला तर दांड्यावर नायलॉनची गळाची तार करकचून गुंडाळलेली. ती फिरता फिरता सील कापते आणि पाणी आत शिरतं. सील बदललं. मग पाण्याचा पंप उघडला. तो खाली, पंख्याच्या वरच्या पायात बसतो, आणि त्यात रबराचं सहा पाकळ्यांचं चक्र असतं. पाण्याशिवाय अर्धा मिनिट जरी मशीन चालवलं तरी हे रबर जळायला लागतं. आमच्या चक्राच्या तीन पाकळ्याच नव्हत्या.

नवं चक्र घालून मोकळं व्हायचा मोह होतो, पण तीन पाकळ्या गेल्या तरी कुठं? त्या पाण्याबरोबर वर जातात आणि कुठल्यातरी वळणावर अडकून बसतात. मग नवा पंप घातला तरी मशीन तापतंच. दोन तुकडे वर जाणाऱ्या नळीच्या तोंडाशी सापडले. तिसऱ्यासाठी अख्खी दुपार गेली. शेवटी तो वर, थर्मोस्टॅटच्या, म्हणजे तापमान सांभाळणाऱ्या झडपेच्या, घरात सापडला, मिठाच्या खड्यांत रुतून बसलेला. मागच्या मालकानं समुद्रातून आल्यावर गोड्या पाण्यानं मशीन धुतलेलंच नसावं. मी तो तुकडा कागदावर इतर दोघांशेजारी ठेवला, चक्राला जुळवून पाहिला, आणि मगच घरी जेवायला गेलो.

पिंपात पाणी भरून मशीन त्यात उभं केलं. तिसऱ्या दोरीला सुरू. मागून पाण्याची बारीक धार व्यवस्थित. वीस मिनिटं चाललं, चाल एकसारखी. दुसऱ्या दिवशी परत वीस मिनिटं. टाकीत दीड-दोन लिटरच पेट्रोल ठेवायचो, बाटलीनं वरचेवर ओतायचो. हे ओतणं पुढं महत्त्वाचं ठरणार आहे.

नदीचा दिवस ठरवताना अमावास्या टाळली, कारण त्या दिवशी करनाळीला कुबेरभंडारीच्या दर्शनाला गर्दी लोटते. पहाटे निघालो, डभोईला चहा घेतला, आठला चांदोदच्या घाटावर. आबांच्या अस्थी इथंच सोडल्या होत्या, त्याला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा वल्ह्याची नाव होती आणि नावाडी सगळा वेळ गप्प होता. आज सोबत घेतलेले नावाडीकाका मात्र मशीनकडं बघून बोलायचे थांबेनात. त्यांनी त्यांचं जुनं वल्हं आणि लांब बांबू आमच्या बोटीत टाकला. मी म्हटलं, कशाला? ते नुसते हसले.

भाच्यानं चोवीस लिटरची टाकी गळ्यापर्यंत भरून आणली होती. झाकण हातानं घट्ट, वर हवेचा स्क्रू मोकळा केलेला. तो मी स्वतः पाहिला. निघालो. ओरसंगचं पाणी नर्मदेला मिळतं तिथून वळून प्रवाहाविरुद्ध मूठ पूर्ण पिळली आणि बोटीनं नाक उचललं. पन्नाशीच्या माणसाला असं वाटू नये, पण मला फार बरं वाटलं.

सहा मिनिटांनी मशीन गुरगुरलं, दोन आचके दिले आणि बंद.

आवाज गेल्यावर नदी केवढी मोठी आहे ते कळतं. बोट हळूहळू आडवी होत प्रवाहाबरोबर मागं निघाली. दोरी खेचतोय, काही नाही. काकांनी न बोलता वल्हं उचललं. दहा मिनिटांनी मशीन जणू काही झालंच नाही असं सुरू झालं. मी लगेच निदान सांगून टाकलं: “कॉइल. गरम झाली की ठिणगी सोडते, थंड झाली की परत देते.” स्कूटरमध्ये हे मी शंभरदा पाहिलंय. नवी कॉइल पिशवीत होतीच. परत पूर्ण मूठ. या वेळी चार मिनिटांत बंद. बघ, म्हटलं, आधीच तापलेलं, म्हणून लवकर गेलं. कॉइलच. भाचा मान डोलवत होता. माझं बोलणं मलाच पटत होतं.

तेवढ्यात त्यानं पेट्रोल किती उरलं ते बघायला टाकीचं झाकण फिरवलं. सूं असा आवाज आला. मी तिकडं फारसं लक्ष दिलं नाही, कारण माझं डोकं कॉइलच्या बोल्टांत होतं. त्यानं झाकण परत आवळलं. भर नदीत कॉइल बदलायला नको, काठापर्यंत जाऊ, म्हणून पुन्हा दोरी खेचली, आणि मशीन नऊ मिनिटं पळालं.

मी घड्याळाकडं बघत राहिलो. कॉइल तापून मरत असेल तर तिसरी खेप सगळ्यांत छोटी हवी. ती सगळ्यांत लांब कशी?

मशीन परत आचके द्यायला लागलं तेव्हा काका पायाशी बोट दाखवत म्हणाले, “आ टांकीनुं पेट तो जुओ.”

प्लॅस्टिकच्या टाकीच्या दोन्ही बाजू आत ओढल्या गेल्या होत्या, उपाशी कुत्र्याच्या पोटासारख्या. नळीच्या मधला रबरी फुगा चपटा होऊन चिकटला होता. मी झाकण अर्धा आटा सैल केलं. सूं. टाकी टपकन फुगली, फुगा गोल झाला, आणि मरायला टेकलेलं मशीन सावरून चालू लागलं.

सांगायला लाज वाटते, कारण चेतकच्या टाकीच्या झाकणाचं भोक सुईनं साफ करून मी किती गिऱ्हाइकांकडून चहा प्यालोय, त्याला गणती नाही. टाकीतून पेट्रोल गेलं तर तेवढी हवा आत यायला हवी. नाही आली तर आत पोकळी होते आणि पंपाला पेट्रोल खेचता येत नाही. इथला पंपही नाजूक, एक पातळ पडदा, तो क्रँककेसच्या, म्हणजे पिस्टनखालच्या पेटीच्या, दाबावर हलतो. मंद चालीत हे मशीन तासाला लिटरभरही पीत नाही, पूर्ण मूठ पिळली की दहा-बारा लिटर. त्यात टाकी गळ्यापर्यंत भरलेली, म्हणजे वर हवा थोडीच, पोकळी लगेच. आणि दहा मिनिटं थांबलं की झाकणाच्या रबराजवळून हळूहळू हवा आत जाणार नि मशीन सुरू होणार. थंड झालेल्या कॉइलचं सोंग हुबेहूब. शेडमध्ये पिंपातल्या त्या चाळीस मिनिटांत मात्र मी सारखा पेट्रोल ओतत होतो. झाकण कधी नीट लावलंच नव्हतं.

पण स्क्रू तर मोकळा होता. काठावर येऊन टाकी रिकामी केली, स्क्रू पूर्ण काढला. खालचं भोक एम-सीलनं बुजवलेलं, वर टाकीच्याच लाल रंगाचा हात. कुणीतरी फार निगुतीनं केलेलं काम. पितळेच्या टाचणीनं ते उकरायला अर्धा तास लागला. टाकी परत जोडली, झाकण घट्ट आवळलं, आणि करनाळीपर्यंत जाऊन आलो. मग उगाचच अजून एक फेरी. एकूण पस्तीस मिनिटं, मशीन एकदाही अडखळलं नाही. टाकीचं पोट जागच्या जागी.

भाचा चिडला होता. फसवलं म्हणाला. त्यानं घाटाच्या पायरीवर बसूनच विकणाऱ्याला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. पलीकडचा माणूस शांतपणे ऐकून घेऊन म्हणाला, “ढांकणुं अडधो आंटो ढीलुं राखवानुं, भाई. कह्युं नहोतुं?”

समुद्रात लाट उडाली की त्या स्क्रूच्या भोकातून खारं पाणी टाकीत जायचं, म्हणून त्यानं ते बुजवलं होतं. झाकणावर फडकं बांधायचं आणि निघताना अर्धा आटा सैल करायचं. कितीतरी वर्षं त्याचा हात हे आपोआप करत होता, आणि हातानं केलेलं विकताना तोंडावर येत नाही. त्याच्या बोलण्यात मला लबाडी दिसली नाही. मी स्कूटर विकली तेव्हा तिची दुसऱ्या गिअरची खोड घेणाऱ्याला सांगितली होती का? आठवत नाही.

मी भाच्याच्या हातातून फोन घेतला आणि विचारलं, अजून काय काय? माणूस खुलला. थंडीत चोक अर्धाच ओढायचा. रिव्हर्स टाकताना आधी चाल पूर्ण उतरू द्यायची, नाहीतर दात खातो. मूठ सोडली तरी मशीन दोन क्षण पळतंच, म्हणून घाटाला लागताना आधीच कमी करायचं. डाव्या बाजूचा बोल्ट दर आठवड्याला आवळायचा, तो सैल होतोच. मी डभोईच्या चहाच्या बिलामागं लिहीत होतो, जागा संपली तेव्हा तळहातावर. काका बोट बांधून आमच्याजवळ येऊन बसले होते आणि प्रत्येक गोष्टीला मान हलवत होते.

फोन ठेवता ठेवता तो म्हणाला, “ने हा, पाछळना बूच पर कपडुं वींटजो. आंटा घसाई गया छे.”

मागच्या बाजूला, अगदी तळाशी, आत आलेलं पाणी काढायला एक बूच असतं. त्याचे आटे झिजलेत, कापड गुंडाळून बसवायचं. आम्ही तिघांनी एकदमच मान वळवून बोटीकडं पाहिलं. मशीनकडची बाजू चांगलीच खाली बसली होती, आणि भाच्याच्या चपला आत तरंगत होत्या.